परक्या नदीतला झुंजार मासा

अमेरिकेतले डॉ. जेम्स हेन्शॉल यांनी १८८१ साली ब्लॅक बास जातीच्या माशांवर ग्रंथ लिहिला. आकाराच्या मानाने इतका झुंजार मासा दुसरा नाही, असा निर्वाळा त्यांनी त्यात दिला. स्मॉलमाउथ बास हा त्यांतलाच एक. त्याचे मूळ घर उत्तर अमेरिकेतली महासरोवरे आणि ओहायो, टेनेसी, वरची मिसिसिपी यांची खोरी. नितळ, खडकाळ पाणी त्याला मानवते. गळाला लागला की तो पाण्याबाहेर उसळ्या मारतो. अंडी पडल्यावर नर घरटे राखतो, जवळ येईल त्याच्यावर धावून जातो. हे कौतुक खोटे नाही. पण ते गळ धरणाऱ्या हाताचे कौतुक आहे. नदीला त्यात कोणी विचारलेले नाही. एखादा मासा गळाला रंगत आणतो म्हणून तो नव्या पाण्यात सोडणे हीच मुळात चूक आहे, असे माझे मत आहे.

१८५४ मध्ये रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून हे मासे ओहायोच्या खोऱ्यातून पोटोमॅकच्या खोऱ्यात नेले गेले. पुढे ते कोलंबिया नदीत पोहोचले आणि तिथल्या सामनची पिल्ले खाऊ लागले. कोलोरॅडो नदीवर तर माणसाने सोडण्याचीही गरज उरली नाही. ग्लेन कॅनियन धरणामागच्या लेक पॉवेल जलाशयाची पातळी घसरली, वरच्या थरातले कोमट पाणी धरणाच्या जनित्रांपर्यंत आले आणि त्याच्याबरोबर जलाशयातले बासही खाली उतरले. २०२२ मध्ये धरणाखाली त्यांची पिल्ले सापडली. त्याच नदीत पुढे हंपबॅक चब हा स्थानिक, आधीच धोक्यात असलेला मासा राहतो. २०२४ च्या उन्हाळ्यात बासची वीण रोखण्यासाठी तळाचे गार पाणी जनित्रांना वळसा घालून सोडावे लागले. तेवढ्या पाण्याची वीज बुडाली.

यावर कोणी म्हणेल, पोटोमॅकमध्ये हा मासा दीडशेहून अधिक वर्षे नांदतो आहे, आता त्याला परका का म्हणायचे? तिथे तो राहणारच, हे मान्य. पण काढता येत नाही म्हणून सोसलेली गोष्ट दुसरीकडे करण्याचा परवाना ठरत नाही. मग नको तिथून काढून टाकावा, असेही सुचवले जाते. न्यू यॉर्क राज्यातल्या लिटल मूस सरोवरात २००० पासून विजेचा सौम्य धक्का देऊन बास काढले. स्थानिक मासे सावरले खरे, पण मोठे बास कमी होताच त्यांची पिल्लेच वाढली. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉन्डेगाट नदीत २०१२ नंतर रोटेनोन हे विष वापरून यश आले. मात्र ते जेमतेम ४ किलोमीटरच्या पट्ट्यात, आणि खालून बास परतू नयेत म्हणून बंधारा होता म्हणून. कोलंबियाला असा बंधारा कोण घालणार?

ही गोष्ट आपल्यापासून दूर नाही. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले निळ्या परांचे महसीर सत्तरच्या दशकापासून कावेरीत सोडले गेले, तेही सद्हेतूने. गळवाल्यांच्या नोंदींत पुढे तेच वाढत गेले आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर दिसेनासा होत गेला. त्याची शास्त्रीय ओळख २०१८ साली पक्की झाली आणि त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत त्याची नोंद झाली.