अंगणातला दिवा आपोआप लागावा म्हणून



आज आपण घराबाहेरच्या दिव्याबद्दल बोलणार आहोत. माणूस जवळ आलं की आपला आपण लागणारा आणि माणूस गेलं की थोड्या वेळाने विझणारा, सेन्सरचा दिवा. तो आता तालुक्याच्या बाजारात कुठेही मिळतो. कसा जोडायचा ते दुकानदार सांगतो. पण कुठे लावायचा आणि वायर कुठून न्यायची, हे रात्री उठणाऱ्या बाईलाच ठाऊक असतं. म्हणून वायरमन घरी येण्याआधीचं अर्धं काम आपलं आहे.

आपल्या नाशिक जिल्ह्यात कितीतरी कुटुंबं गावठाण सोडून मळ्यात राहतात. शेजारचं घर हाकेच्या अंतरावर असेलच असं नाही. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे घराला लागून ऊस असतो आणि त्या उसात बिबट्या असतो. धान्याच्या आणि चाऱ्याच्या आडोशाला उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात. मण्यार तर रात्रीच फिरते. आणि रात्री गाय व्यायला आली, लेकराला बाहेर न्यायचं झालं, संडास घरापासून लांब असला, तर बाहेर आपल्यालाच पडावं लागतं. कडेवर मूल असताना बॅटरी धरायची कुठल्या हाताने? या दिव्याची गरज तिथे आहे.

आधी कागद, मग वायर

एक कागद घ्या. त्यावर घर, दार, ओटा, संडास, गोठा, पाण्याची टाकी, कांद्याची चाळ आणि सरपणाचा ढीग काढा. चित्र चांगलं नाही आलं तरी चालेल. आता घरातली कोण रात्री कुठून कुठे जाते, त्या रेघा ओढा. सासूबाईंची वाट वेगळी असेल, सुनेची वेगळी. जिथे पायरी आहे, वळण आहे, अडगळ आहे, उसाची किंवा झाडीची बाजू आहे, तिथे फुली मारा. या फुल्यांवर उजेड पडला पाहिजे. बहुतेक घरी पहिला दिवा घरच्या दाराशी आणि दुसरा संडास किंवा गोठ्याच्या दाराशी लागतो. वाटेच्या दोन्ही टोकांना सेन्सर असला म्हणजे परतताना अंधारात यावं लागत नाही.

सेन्सरला काय दिसतं

माणसाच्या आणि जनावराच्या अंगातून ऊब बाहेर पडत असते. आपल्याकडे जास्त विकला जाणारा सेन्सर ही हलणारी ऊब ओळखतो. त्याचा पल्ला साधारण ५ ते ८ मीटर, म्हणजे १६ ते २६ फूट. त्याच्यासमोरून आडवं गेलं तर तो चटकन ओळखतो, सरळ त्याच्याकडे चालत आलं तर उशिरा ओळखतो. म्हणून तो वाटेच्या बाजूला, ७-८ फूट उंचीवर लावा. तोंड वाटेकडे आणि थोडं खाली असू द्या. भिंतीपलीकडचं किंवा काचेपलीकडचं त्याला कळत नाही. हलणारी फांदी, चुलीचा धूर आणि वाफ त्याच्या समोर नको, नाहीतर दिवा उगाच लागत राहतो. मालेगाव, येवला भागात उन्हाळ्यात भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या असतात. तेव्हा अंगाची ऊब वेगळी ओळखू येत नाही आणि पल्ला कमी होतो. तिथे सेन्सर वाटेच्या आणखी जवळ घ्यावा.

सापाचं अंग भोवतालच्या हवेइतकंच गार किंवा गरम असतं. त्यामुळे साप आला म्हणून हा दिवा लागत नाही, आपण आलो म्हणून लागतो. तेव्हा पाऊल टाकण्याआधी खाली बघायचं ते बघायचंच. बिबट्याचंही तसंच. तो सेन्सरजवळ आला तर दिवा लागेल, पण ५० फुटांवरच्या उसात बसलेला त्याला दिसणार नाही. दिव्याच्या भरवशावर लहान मुलांना एकटं बाहेर पाठवू नका. गोठ्याचं दार आणि जाळी घट्ट ठेवा. बिबट्या दिसला तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लक्षात असू द्या.

वायरिंग कशी सांगायची

आता वायरमनशी बोलायची गोष्ट. सेन्सरला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात आणि त्याच्यातून तिसरी वायर दिव्याकडे जाते. जुन्या दिव्याच्या बटणात पुष्कळदा फक्त फेज असते, न्यूट्रल नसते. म्हणून जुनं बटण काढून तिथे सेन्सर बसवून टाकू म्हटलं, तर काम अडतं.

आम्ही सांगू, की घरातल्या बोर्डापासून बाहेरच्या पेटीपर्यंत चार वायरी एकदमच ओढून घ्या. सेन्सरला जाणारी फेज, न्यूट्रल, अर्थिंग आणि चौथी, थेट दिव्याला जाणारी फेज. बोर्डावर दोन बटणं ठेवा. एक सेन्सरचं, दुसरं कायम उजेडाचं. गाय व्यायची असेल, घरात कार्य असेल, कांदा भरायचा असेल, तेव्हा दुसरं बटण दाबलं की दिवा विझत नाही. ही चौथी वायर आज स्वस्तात पडते, नंतर टाकायची तर भिंत पुन्हा फोडावी लागते. दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची आयएसआय शिक्का असलेली तांब्याची वायर घ्या. दिव्याला आणि सेन्सरला वीज फार थोडी लागते, पण बारीक वायर ओढताना आणि ताणाने तुटते.

बाहेरच्या दिव्यांना वेगळी लाइन आणि तिला ६ अँपिअरचा एमसीबी हवा. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. वायरीचं आवरण फाटून वीज अंगातून जमिनीत जाऊ लागली तर तो क्षणात वीज तोडतो. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. खटका पडला पाहिजे. फेज या लाइनची आणि न्यूट्रल दुसऱ्या लाइनची घेतली तर तो पुन्हा पुन्हा पडेल. तेव्हा तो काढून टाकू नका, जोडणी दुरुस्त करून घ्या.

दिवा आणि सेन्सर आयपी ६५ लिहिलेले घ्या, म्हणजे पाऊस आणि धूळ आत जात नाही. इगतपुरी, त्र्यंबकेश्वरच्या पावसात याला फार महत्त्व आहे. वायर पेटीत खालच्या बाजूने घालावी आणि त्याआधी तिला खाली थोडा झोळ द्यावा. पाणी झोळावरून टपकून जातं, पेटीत शिरत नाही. गोठ्यापर्यंत वायर जमिनीतून नेणार असाल तर आर्मर्ड केबल जाड पाइपातून, दीड-दोन फूट खोल न्या आणि वरून खूण ठेवा, नाहीतर कुदळ लागेल. वरून नेणार असाल तर चाऱ्याने भरलेली ट्रॉली खालून जाईल इतकी उंच ठेवा.

हे मात्र करू नका

पत्र्याच्या छपरावरून किंवा लोखंडी खांबावरून उघडी वायर नेऊ नका. कपडे वाळत घालायची तार दिव्याच्या खांबाला बांधू नका. ओल्या कपड्याने वीज अंगात येते आणि तारेला पहिला हात बाईचा लागतो. गोठ्यात तर जास्त जपा, कारण गाय-म्हैस माणसापेक्षा कमी विजेच्या धक्क्यानेही दगावते. शेतीपंपाच्या लाइनवरून अंगणातला दिवा जोडू नका. ते नियमात बसत नाही, आणि पंपाची वीज पाळीने येते, त्यामुळे ऐन गरजेला दिवा लागणारही नाही. तार तुटून पडली तर हात न लावता १९१२ वर महावितरणला कळवा.

घरात इन्व्हर्टर असेल तर बाहेरच्या दिव्यांची लाइन त्यावर घ्या. एकाच दिव्याचे दोन्ही सेन्सर मात्र एकाच लाइनवर असावेत. इन्व्हर्टर नसेल तर संडासाजवळ एक सौर सेन्सर दिवा पुरतो. त्याचं पॅनल सावलीत येऊ देऊ नका आणि पुसत राहा.

बिलाचा हिशेब

१० वॅटचा एलईडी रोज १२ तास जळला तर महिन्याला साडेतीन युनिटच्या थोडं वर जातं. सेन्सरमुळे तो रोज तासभर लागला तर सेन्सरची स्वतःची वीज धरूनही एक युनिटच्या आत राहतं. बचत होते, पण ती थोडी. जुना १०० वॅटचा बल्ब रात्रभर ठेवणाऱ्यांकडे महिन्याला ३६ युनिट जात असत, त्यांना फरक मोठा दिसेल. सेन्सर घ्यायचा तो मुख्यतः हात मोकळे राहावेत आणि अंधारात बटण शोधावं लागू नये म्हणून.

काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. तो आला की आपला कागद त्याच्यापुढे ठेवा आणि चार वायरी, दोन बटणं, आरसीसीबी, अर्थिंग ही चार नावं घ्या. काम झाल्यावर पैसे देण्याआधी एक करा. अंधार पडल्यावर सगळे दिवे घालवून घरातल्या सगळ्या जणींनी आपापल्या वाटेने जाऊन यावं. सेन्सरवर वेळेची आणि अंधाराची फिरकी असते. दिवा लवकर विझत असेल तर वेळ तीन मिनिटांपर्यंत वाढवून घ्या. डोळ्यांवर येत असेल तर खाली वळवून घ्या. एखादी फुली अंधारातच राहिली, तर वायरमन अजून घरी आहे तोवर सांगा.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीला आपापले कागद घेऊन या. चार घरांचं सामान एकदम घेतलं तर भाव बरा मिळतो, आणि एकीला न सुचलेली फुली दुसरीच्या कागदावर सापडते.