दारावरचे ईस्टरचे कडे

जर्मनी आणि ऑस्ट्रियात ईस्टर जवळ आला की घराच्या पुढच्या दारावर कोवळ्या डहाळ्या, शेवाळ आणि रंगवलेली अंडी यांचे गोल कडे टांगतात. बाजारात ते तयारही मिळते. पण घरी बांधलेले कडे अधिक जिवंत असते, कारण त्या वर्षी त्या अंगणात वसंत कुठवर आला आहे ते त्यात दिसते.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. चर्चच्या गणिताप्रमाणे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टरचा दिवस. पाश्चात्त्य चर्चमध्ये तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येतो. २००८ मध्ये तो २३ मार्चला आला होता, २०११ मध्ये २४ एप्रिलला. मध्य युरोपात या महिनाभरात सृष्टी पार पालटते. मार्चमध्ये बर्चच्या काटक्या उघड्याच असतात, फक्त विलोला रेशमी लवेचे रुपेरी कळे धरलेले असतात. एप्रिलच्या अखेरीस बर्च हिरवा झालेला असतो आणि फळझाडांना मोहोर आलेला असतो. म्हणून साहित्याची यादी पुस्तकातून घेण्यापेक्षा बाहेर काय फुटले आहे ते आधी पाहिलेले बरे.

विलोला या सणात खास मान आहे. ईस्टरच्या आधीच्या रविवारी येशूच्या जेरुसलेम प्रवेशाची आठवण म्हणून चर्चमध्ये झावळ्या नेतात. वसई आणि गोव्यात त्यासाठी खऱ्या झावळ्या मिळतात. आल्प्सच्या उत्तरेला ताडमाड कुठले असणार? तिथे विलोचे कळे आणि बॉक्सवुडच्या सदाहरित डहाळ्या यांचीच जुडी आशीर्वादासाठी नेतात, आणि हीच जोडी दारावरच्या कड्यातही येते. मात्र विलोचा फुलोरा म्हणजे थंडीतून बाहेर पडलेल्या मधमाश्यांचे पहिले अन्न. शिवाय १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात झुडपे आणि कुंपणे छाटण्यावर जर्मन कायद्याचे कडक निर्बंध आहेत. रानातल्या विलोला हात न लावता लागवडीच्या फांद्या फुलवाल्याकडून विकत घेणे हाच योग्य मार्ग. या फांद्या पाण्यात ठेवू नयेत. पाणी मिळाले की कळे उमलतात, पिवळे पराग गळू लागतात आणि रुपेरी झाक जाते. कोरड्या ठेवल्या तर कळे कितीतरी दिवस तसेच राहतात.

कड्याचा सांगाडा गव्हाच्या काडाचा तयार मिळतो. दारासाठी ३० सेंटिमीटर व्यासाचा पुरतो. सांगाडा घरीच करायचा तर विलोच्या किंवा द्राक्षवेलीच्या लांब, लवचिक काड्या घ्याव्यात. एका काडीचे वर्तुळ करून टोके एकमेकांत अडकवावीत आणि बाकीच्या काड्या त्याभोवती एकाच दिशेने पिळत न्याव्यात. वाळलेल्या काड्या वाकवण्याआधी भिजवाव्या लागतात. मग हिरवळ. वीतभर डहाळ्यांच्या छोट्या जुड्या करून त्या एकापुढे एक ठेवाव्यात आणि बारीक तारेने बांधत जावे. प्रत्येक नव्या जुडीने आधीच्या जुडीचे देठ झाकले गेले पाहिजेत. तार मध्ये न तोडता सलग फिरवून दर वेळी ओढून घट्ट करावी, कारण पाने सुकली की आकसतात आणि सैल बांधलेले कडे आठवड्याभरात ओघळते.

अंड्यांचा ईस्टरशी असलेला संबंध उपवासातून घट्ट झाला. मध्ययुगात ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्यांना उपवास ठाऊक नसल्यामुळे घरात अंडी साठत जात आणि सणाला ती खायला, वाटायला, रंगवायला निघत.

रंगासाठी स्वयंपाकघर पुरेसे आहे. कांद्याची साले अर्धा तास उकळली की तांबूस तपकिरी रंग मिळतो. हळदीने पिवळा, बिटाने गुलाबी आणि लाल कोबीने चक्क निळा रंग येतो. रंगात थोडे व्हिनेगर घालावे. अंड्याचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते. आम्लाने त्याचा पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो आणि रंग धरतो. ओल्या कवचावर पार्सलीचे किंवा कोथिंबिरीचे पान चिकटवून वरून जुना नायलॉनचा मोजा घट्ट बांधला आणि मग अंडे रंगात सोडले, तर पानाची पांढरी नक्षी उमटते. या कामाला पांढरी अंडीच घ्यावीत.

अंडी पोकळ करण्याआधी रंगवणे सोयीचे, कारण रिकामे कवच पाण्यावर तरंगते आणि एका बाजूने कोरे राहते. मात्र कच्चे अंडे गार झालेल्या रंगातच ठेवावे, गरम पाण्यात ते शिजायला लागेल. रंग वाळल्यावर दोन्ही टोकांना जाड सुईने भोके पाडावीत, खालचे जरा मोठे. सुई आत फिरवून पिवळा बलक फोडावा आणि वरून फुंकून सगळे वाडग्यात काढावे; त्याचे ऑम्लेट होते. कवच आतून पाण्याने विसळून उपडे वाळत ठेवावे, नाहीतर पुढे वास येतो.

वाळलेल्या कवचातून आरपार तार ओवून ती कड्याच्या मागे पिळली की अंडे बसते. तीन-चार अंडी एका बाजूला एकत्र, शेवाळाच्या गादीवर घरट्यासारखी बसवली, तर सगळीकडे सारख्या अंतरावर लावण्यापेक्षा कितीतरी चांगली दिसतात. डॅफोडिलसारखी ताजी फुले हवी असतील तर त्यांचे देठ पाणी भरलेल्या छोट्या नळ्यांत ठेवून नळ्या शेवाळात दडवाव्यात.

कडे रुंद फितीने टांगावे. वाऱ्याने किंवा दार आपटल्याने कवचे फुटू नयेत म्हणून कड्याची खालची बाजूही दाराला बांधून ठेवावी. थेट उन्हात हिरवळ लवकर पिवळी पडते. शेवाळावर अधूनमधून पाणी शिंपडावे. पाने वाळली की तार सोडवून हिरवळ खतात टाकावी. कवचे अंड्यांच्या खोक्यात जपून ठेवली तर पुढल्या वर्षी पुन्हा उपयोगी येतात. काडाचा सांगाडा तर त्याच वर्षी डिसेंबरात नाताळच्या कड्यासाठी वापरता येतो.