तालमीतला तोल, मनाचा तोल



संक्रांतीला आपल्या सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी ते उंच, जड ध्वज भर गर्दीतून उभे नेतात. नीट पाहिलंत तर ध्वज पूर्ण स्थिर कधीच नसतो. तो जरासा कलतो, आणि धरणारा पावलाने त्याला सावरतो. मनाच्या तोलाचंही असंच आहे. मन हलणारच, हललेलं मन वेळेत सावरणं, यालाच आम्ही समतोल म्हणतो.

हे शिकवणारी जुनी शाळा म्हणजे तालीम. ताक, तेल, हळद घालून मुरवलेली माती, कोपऱ्यात मारुती. कुस्तीआधी दोघं एकमेकांना माती देतात, सलामी होते. घामाचा हात मातीमुळे घसरत नाही. म्हणजे ज्याला पाडायचं, त्याचीच पकड आपण आधी पक्की करून देतो! प्रतिस्पर्ध्याकडे पाहण्याची ही दृष्टी सरावाच्या पहिल्या दिवसापासून अंगात मुरते.

मग खडाखडी. चिडलेला गडी झेपावतो, त्याचं वजन पुढे जातं, आणि समोरचा नुसता बाजूला सरला तरी तो आपल्याच जोराने तोंडघशी पडतो. विद्यार्थी असताना आम्हीही असेच लागोपाठ दोनदा पडलो होतो. वस्ताद एवढंच म्हणाले, "त्यानं कुठं पाडलं तुला? तूच पडलास की!" पुढे आयुष्यभर गीता शिकवली. जय-पराजय सारखे मानावेत, हा उपदेश रणांगणात उभ्या असलेल्या योद्ध्याला केलेला आहे. तो वर्गात समजावताना आम्हाला दरवेळी वस्तादच आठवत.

ही परंपरा आपल्या परिसरात किती जुनी आहे पाहा. बाराव्या शतकात कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांचा आहार आणि मेहनत सांगितली आहे. त्यात वजन उचलणं आहे, पोहणं आहे आणि खांबावरचा व्यायामही आहे. या खांबाच्या विद्येला, मल्लखांबाला, पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नवं रूप दिलं. खांब चिडत नाही, हुलकावणी देत नाही. त्यावरून घसरलात तर दोष द्यायला दुसरं कुणी नसतं.

1882 साली टोकियोत कानो जिगोरो यांनी ज्युदोची शाळा काढली. त्या नावातल्या 'ज्यु'चा अर्थ मृदुता आणि 'दो' म्हणजे मार्ग. सोलापूरच्या वस्तादाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता तुम्ही विचाराल, तालमीतून गुंडही निघतात, त्याचं काय? निघतात, नाकारण्यात अर्थ नाही. ताकद जोर-बैठकांनी येते. तोल नुसत्या जोर-बैठकांनी येत नाही. तो येतो रोज चारचौघांत पाठीला माती लागून, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जोडीदाराला सलामी देऊन. ज्याला हरणं सोसेनासं होतं, तो हौद्यात उतरणं सोडतो आणि मग रस्त्यावर सोपे विजय शोधतो.

म्हणून आपल्या मुलानातवंडांना तालमीत पाठवा. ती घरी आल्यावर मात्र "आज कुणाला पाडलंस?" एवढंच विचारू नका. "आज कुणाकडून पडलास, आणि उद्या जाणार ना?" हेही विचारा. मूल हसत "जाणार" म्हणालं, तर तालीम योग्य आहे असं समजा.