टाकी किती मोठी असावी?

मोटारगाडी किती दूर जाऊ शकेल हे तिच्या इंजिनाच्या शक्तीवर ठरते, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक ते ठरते तिच्या पोटाखाली बसविलेल्या एका साध्या टाकीवर. टाकीत तेल आहे तोवर इंजिन. तेल सरले की तेच बलाढ्य इंजिन म्हणजे निव्वळ लोखंडाचे ओझे.

आपणां गोमंतकवासीयांस ह्याचा विचार सहसा करावा लागत नाही. पेडण्याहून निघून काणकोणास पोहोचेपर्यंत वाटेत इतके पंप लागतात की काटा तळाशी टेकला तरी कोणाचा जीव कासावीस होत नाही. परंतु आपल्याच देशात, मनालीहून लेहकडे जाताना तांडी येथील पंपावर ‘पुढील पंप ३६५ किलोमीटरवर’ असा फलक अनेक वर्षे प्रवाशांना सावध करीत असे. ऑस्ट्रेलिया खंडाच्या अंतर्भागात तर ह्याहूनही मोठी अंतरे आहेत. तेथे चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणाऱ्या गाड्या घेऊन लोक वाळवंट ओलांडतात आणि त्यासाठी लांब पल्ल्याच्या टाक्या मुद्दाम बसवून घेतात. अशी टाकी कशी निवडावी, हा प्रश्न वरवर पाहता मोटार दुरुस्तीच्या दुकानातला वाटेल. पण त्यात आपल्या पाठ्यपुस्तकातले गणित आणि पदार्थविज्ञान जागोजागी भेटते, म्हणून आम्ही तो येथे घेतला आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात विलूना गावापासून हॉल्स क्रीकपर्यंत ‘कॅनिंग स्टॉक रूट’ नावाची सुमारे १८५० किलोमीटर लांबीची वाट आहे. उत्तरेकडील किंबर्ली प्रांतातील गुरे दक्षिणेच्या सोन्याच्या खाणींकडे हाकीत न्यावी, म्हणून आल्फ्रेड कॅनिंग ह्या भूमापकाने १९०६ साली तिची पाहणी केली आणि १९०८ ते १९१० ह्या काळात वाटेवर विहिरी खोदविल्या. दोन विहिरींतील अंतर गुरांच्या साधारण एका दिवसाच्या चालीइतके ठेवावयाचे, असा त्यातला हिशेब होता. गुराच्या पोटात मावेल तेवढ्या पाण्यावर ते जेवढे चालेल, तेवढाच त्याचा पल्ला. (हे पाणवठे शोधताना कॅनिंगच्या तुकडीने तेथील आदिवासींना साखळदंडांनी बांधून वाट दाखवावयास लावले, त्याविषयी १९०८ साली चौकशी आयोग बसला आणि त्याने कॅनिंगला निर्दोष ठरविले. ह्या वाटेचे कौतुक करताना तेही लक्षात असू द्यावे.) ही संपूर्ण वाट मोटारीने प्रथम पार केली ती १९६८ साली. गुरांच्या पल्ल्यास पुरणाऱ्या विहिरी मोटारीच्या काय कामाच्या? आज विलूना सोडल्यावर सुमारे १००० किलोमीटरवर कुनावारिट्जी ही आदिवासी वस्ती लागते. तेथेच काय ते तेल मिळण्याची सोय.

दुसरे उदाहरण सिम्पसन वाळवंटाचे. माउंट डेअर येथून बर्ड्सविल गावापर्यंतचा सुमारे ५०० किलोमीटरचा मार्ग एक हजाराहून अधिक वाळूच्या टेकड्या ओलांडून जातो आणि मध्ये एकही पंप नाही. ह्या मार्गाचा मोठा भाग ‘फ्रेंच लाइन’ म्हणून ओळखला जातो. १९६० नंतरच्या त्या वर्षांत एका फ्रेंच कंपनीसाठी खनिज तेलाच्या शोधार्थ ही वाट पाडण्यात आली. जेथे तेल शोधावयास माणसे गेली, तेथेच आज प्रवासी तेलाच्या थेंबाथेंबाचा हिशेब करतात, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

आता गणित मांडू. पहिली संख्या हवी ती आपल्या गाडीच्या तेलखर्चाची. ती कारखान्याच्या पुस्तिकेतून घेऊ नये. टाकी काठोकाठ भरावी, अंतर नोंदवावे आणि पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर मावले ते पाहावे. हाच खरा आकडा. समजा, एक डिझेल गाडी डांबरी रस्त्यावर शंभर किलोमीटरला १२ लिटर डिझेल पिते. तीच गाडी मऊ वाळूत, सामानाने लादलेली, खालच्या गिअरमध्ये घुरघुरत चढू लागली की २० लिटरही पिईल. (चाकांतील हवा कमी केली तर टायर पसरतो, वाळूत कमी रुततो आणि तेलही वाचते, परंतु रस्त्यावर येताच ती पुन्हा भरावयास हवी.) तेव्हा सिम्पसनसाठी लागले १०० लिटर. वाट चुकणे, एखाद्या टेकडीवर चार वेळा प्रयत्न करावा लागणे, पावसाने मार्ग बंद होऊन मागे फिरणे ह्यांसाठी निदान एकचतुर्थांश जादा धरावे. झाले १२५ लिटर. कॅनिंगच्या पहिल्या १००० किलोमीटरना ह्याच हिशेबाने २५० लिटर लागतील.

टोयोटा लँड क्रूझरच्या ७० मालिकेतील काही गाड्यांना कारखान्याचीच १३० लिटरची टाकी असते, आणि ‘ट्रूप कॅरियर’ प्रकारात ९० लिटरच्या दोन टाक्या मिळून १८० लिटर तेल मावते. म्हणजे सिम्पसनच्या प्रवाशास पहिली गाडी जेमतेम पुरेल, दुसरी निर्धास्तपणे. कॅनिंगला मात्र दुसरीही ७० लिटरनी अपुरी. ह्याशिवाय टाकीवर लिहिलेले सारेच लिटर आपले नसतात. तेल ओढणारी नळी अगदी तळाला टेकत नाही; शिवाय गाडी तिरकी उभी असली म्हणजे तेल एका कोपऱ्यात जाऊन नळीचे तोंड उघडे पडते. शेवटचे काही लिटर नाहीत असेच समजून चालावे.

कोणी म्हणेल, सर्वांत मोठी टाकी घेऊन टाकावी म्हणजे काळजी मिटली! येथेच बहुतेकांची फसगत होते. डिझेलचा एक लिटर सुमारे ०.८४ किलो भरतो. १२० लिटर जादा घेतले की १०० किलो वजन वाढले, टाकीच्या पत्र्याचे वेगळेच. समजा, गाडीवर माणसे व सामान मिळून ७०० किलोंपर्यंतच भार घालण्यास कारखान्याची अनुमती आहे. चार माणसांचे ३०० किलो झाले. दहा दिवसांसाठी माणशी रोजचे ५ लिटर पाणी, म्हणजे २०० लिटर. त्याचे २०० किलो. तंबू, शिधा, हत्यारे, दुसरी स्टेपनी ह्यांचे १५० किलो. उरले अवघे ५० किलो, आणि तेलच मुळी १०० किलोंचे! काहीतरी उतरविलेच पाहिजे, आणि जे उतरवू नये ते पाणी. १९६३ च्या डिसेंबरात बर्ड्सविलच्या वाटेवर एका कुटुंबातील पाच जण तहानेने मृत्युमुखी पडले. उन्हाळ्यात त्या प्रदेशात सावलीवाचून माणूस फार काळ तग धरीत नाही. म्हणूनच सिम्पसनचे संरक्षित क्षेत्र दरवर्षी १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत प्रवाशांना बंद ठेवतात. आमच्या मते अशा वेळी चारांऐवजी तिघांनी जावे, किंवा सामान दोन गाड्यांत वाटून घ्यावे. दोन गाड्या असल्या की एक रुतली तर दुसरी ओढावयास असते, हा लाभ निराळाच.

वजन किती, ह्याइतकेच ते कोठे आहे हेही महत्त्वाचे. वाढीव टाकी बहुधा गाडीच्या शेवटास, स्टेपनीच्या जागी बसवितात आणि स्टेपनी मागील दारापाशी टांगतात. आता तरफेचा नियम आठवावा. पुढील व मागील चाकांतील अंतर ३ मीटर आहे आणि १०० किलोंचा भार मागील आसाच्या १ मीटर मागे ठेवला, तर मागील आसावर १०० नव्हे, १३३ किलोंचा भार पडतो, आणि पुढील आसावरचा ३३ किलोंनी उणा होतो. पुढची चाके हलकी झाली की गाडी वळणावर हुकूम नीट पाळत नाही, आणि मागील स्प्रिंगा व आस मोडण्याची भीती वाढते. म्हणून दोन आसांच्या मध्ये जागा असल्यास टाकी तेथे बसविणे केव्हाही श्रेयस्कर. टाकी खाली लोंबत असेल तर दगड लागतो आणि टेकडी उतरताना गाडीचा मागचा भाग जमिनीला घासतो, हेही पाहावे.

मग टाकीऐवजी डबे का नेऊ नयेत? वीस लिटरचा ‘जेरीकॅन’ हा मूळचा जर्मन सैन्याचा. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रजांचे पातळ पत्र्याचे डबे वाटेतच गळत, त्यामुळे पुष्कळ पेट्रोल वाया जाई; अखेर त्यांनी शत्रूच्या डब्याचीच नक्कल केली. तो डबा आजही उत्तम आहे. परंतु चार डबे टपावर रचले की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. मांडवीत होडी हाकणारा नावाडी जड पोती तळाशी ठेवतो, ती ह्याच कारणाने. एक-दोन डबे जोडीला ठीक. सारा भरवसा त्यांवर ठेवू नये.

टाकीचे दोन प्रकार संभवतात: मूळची काढून तिच्या जागी मोठी बसविणे, किंवा मूळची ठेवून दुसरी जोडणे. पहिल्यात काटा एक, नळ्या कमी, बिघाडास जागा थोड्या. दुसऱ्यात विजेचा छोटा पंप लावून एका टाकीतले तेल दुसरीत घ्यावे लागते, आणि तो पंप नेमका रानात बंद पडू शकतो. असे असूनही दूरच्या निर्जन प्रवासासाठी आम्ही दुसऱ्याच पद्धतीच्या बाजूचे आहोत. एक टाकी दगडाने फुटली, वा आडगावी घेतलेल्या तेलात पाणी निघाले, तरी दुसरीतले तेल शाबूत राहते.

आत आडवे पडदे आहेत की नाहीत, हे विकत घेतानाच विचारावे. अर्धी भरलेली कळशी कमरेवर किती डचमळते, हे विहिरीवर पाणी भरणाऱ्या कोणालाही ठाऊक असेल. दीडशे लिटर तेल असे डचमळू लागले की वळणावर गाडीला धक्का बसतो, आणि टाकीचे सांधेही कमकुवत होतात. पडद्यांना भोके असतात. त्यांतून तेल हळूहळू सरकते, आदळत नाही. टाकीचा पदार्थ पाहू गेल्यास, ॲल्युमिनियमचा लेप दिलेले पोलाद मजबूत असते, पण पन्हळी पत्र्यासारख्या रस्त्यांवर तासन्‌तास हादरून त्याचे जोड चिरतात. प्लॅस्टिकची टाकी गंजत नाही व हलकी असते, मात्र तिला दगडांपासून आणि धूर सोडणाऱ्या तापलेल्या नळीपासून जपावे लागते.

आपल्या दमट किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट घडते. मोठी टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी केली, तर टाकीतील हवेतले बाष्प रात्री थंड होऊन पाणी तळाशी साठते, आणि पाणी व डिझेल ह्यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढून गाळणी तुंबते. म्हणून घराजवळ फिरणाऱ्यास मोठी टाकी वरदान नव्हे. शिवाय भारतात कारखान्याच्या रचनेत मनास येईल तसा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आड येते. तेव्हा परिवहन कार्यालयात विचारल्यावाचून हत्यार उचलू नये.

टाकी बसली की प्रथम ती भरून जवळपास दोनशे किलोमीटर खडबडीत रस्त्याने फिरवून आणावी आणि प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून पाहावा. भरतानाही घाई नको. डिझेलला फेस येतो. फेस बसू द्यावा आणि वर थोडी जागा सोडावी. जमिनीखालच्या साठ्यातून २० अंशांवर घेतलेले १५० लिटर डिझेल दुपारी ४५ अंशांवर गेले की सुमारे ३ लिटरनी फुगते. त्यास जागा नसेल तर ते हवेच्या नळीतून बाहेर येते आणि आपण पैसे देऊन घेतलेले तेल वाळूत सांडते.