विनामोबदला सरोगसी: ‘हो’ म्हणण्याआधी

सरोगसी म्हणजे दुसऱ्या जोडप्याचे मूल आपल्या गर्भाशयात वाढवणे आणि जन्मानंतर त्यांच्या स्वाधीन करणे. प्रयोगशाळेत तयार झालेला भ्रूण सरोगेट मातेच्या गर्भाशयात सोडला जातो. तिचे स्वतःचे स्त्रीबीज वापरण्यास भारतात मनाई आहे, म्हणजे ती बाळाची आनुवंशिक आई नसते. गर्भाशय जन्मतः नसणे, आजारामुळे ते काढावे लागणे, वारंवार गर्भपात होणे किंवा गरोदरपण जिवावर बेतेल असा आजार असणे, अशा वेळी हा मार्ग सुचवला जातो.

कायदा काय म्हणतो?

सरोगसी (नियमन) कायदा, 2021 हा 25 जानेवारी 2022 पासून लागू आहे. त्यानुसार:

- फक्त विनामोबदला सरोगसीला परवानगी आहे. वैद्यकीय खर्च, विमा आणि नियमांत सांगितलेले खर्च यांपलीकडे पैसे देता येत नाहीत. व्यावसायिक सरोगसीला 10 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.
- सरोगेट माता 25 ते 35 वर्षांची, विवाहित (किंवा पूर्वी विवाह झालेली) आणि स्वतःचे मूल असलेली हवी. आयुष्यात एकदाच ती सरोगेट होऊ शकते.
- तिची शारीरिक व मानसिक तंदुरुस्ती तपासून प्रमाणपत्र घ्यावे लागते.
- तिच्यासाठी 36 महिन्यांचा आरोग्य विमा काढणे जोडप्यावर बंधनकारक आहे.

सरोगेट जवळची नातेवाईकच हवी, ही आधीच्या विधेयकातील अट कायद्यात राहिली नाही. तरीही मोबदला नसल्यामुळे शोध बहुधा घरातूनच सुरू होतो. बहीण, वहिनी, जाऊ, नणंद यांच्याकडे नजरा वळतात.

पैसे नाहीत, म्हणजे दबाव नाही?

मोबदल्यावर बंदी आली, कारण गरिबीमुळे स्त्रिया शरीर भाड्याने देत होत्या आणि मधले दलाल कमावत होते. ही चिंता खरी होती. पण पैशाचा दबाव गेला तरी नात्याचा दबाव राहतो. ज्या सुनेच्या नवऱ्याचा धंदा मोठ्या दिरावर अवलंबून आहे, ती जावेला ‘नाही’ कशी म्हणणार? सासूबाईंनी सगळ्यांसमोर विषय काढला, तर मान हलवण्याशिवाय तिच्यापुढे पर्याय असतो का? अशा होकाराला त्याग म्हणणे सोपे असते, पण ती संमती नव्हे.

दुसरा प्रश्न न्यायाचा. डॉक्टर, रुग्णालय, वकील सगळे फी घेतात; नऊ महिने शरीर झिजवणारी एकटीच विनामोबदला. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने 2017 मध्ये सरोगेट मातेला वाजवी भरपाई मिळावी, अशी शिफारस केली होती. कायद्यात ती आली नाही.

शरीरावरचा भार

भ्रूण रुजावा म्हणून आधी हार्मोनची औषधे घ्यावी लागतात. त्यानंतर नेहमीच्या गरोदरपणातील धोके आहेतच: रक्तदाब, मधुमेह, सिझेरियन, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. स्त्रीबीज दुसरीचे असल्यास रक्तदाबाच्या गुंतागुंतीचा धोका नेहमीच्या गरोदरपणापेक्षा अधिक असतो. प्रसूतीनंतर दूध येते, मन हळवे होते. बाळ मात्र जवळ नसते. नात्यातील सरोगसीत तेच बाळ पुढे प्रत्येक सणाला समोर असते. काहींना त्याचा आनंद वाटतो, काहींना ते जड जाते.

तुम्हाला विचारले गेले असेल, तर

- डॉक्टरांना एकटीने भेटा. नवरा, सासू किंवा ते जोडपे यांना बाहेर थांबवा. ‘मला नको आहे’ हे तुम्ही डॉक्टरांना सांगू शकता, आणि ते गुप्त ठेवणे आमचे कर्तव्य आहे.
- तुमच्या मुलांना कोण सांभाळेल आणि बुडालेल्या कमाईचे काय, हे आधी ठरवा.
- धोके तुम्हाला समजणाऱ्या भाषेत सांगून लेखी संमती घेणे कायद्याने आवश्यक आहे. न वाचता सही करू नका.
- भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत तुम्ही संमती मागे घेऊ शकता. त्यानंतरही तुमच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करायला कोणी भाग पाडू शकत नाही.

तुम्ही विचारणार असाल, तर

थेट विचारण्यापेक्षा समुपदेशकामार्फत विचारा आणि उत्तरासाठी वेळ द्या. तिने नकार दिला, तर कारण विचारू नका आणि तो नकार नातेवाइकांत चर्चेला आणू नका. मूल हवे असण्याचे दुःख मोठे आहे, हे आम्ही रोज पाहतो. पण दुसरीच्या गर्भाशयावर त्या दुःखाचा हक्क नसतो.

साधी कसोटी सांगतो. तिने आज ‘नाही’ म्हटले, तर उद्या तिचे घरातले स्थान जसेच्या तसे राहील का? उत्तर ‘हो’ असेल, तरच तिचा होकार खरा माना.