पेठेचा पसारा

पेठ हा मराठीतला रोजच्या वापरातला शब्द. पुण्याच्या पत्त्यात तो असतो, सांगलीच्या महामार्गावरच्या नाक्याला असतो, नाशिक जिल्ह्यातल्या एका अख्ख्या तालुक्याला असतो. जुन्या सावकारी कागदांत तो हुंडीच्या एका प्रकारालाही लावलेला आढळतो. पेठ म्हणजे व्यापारासाठी वसवलेली वस्ती, हा त्याचा पायाभूत अर्थ. यातला ‘वसवलेली’ हा शब्द महत्त्वाचा. बाजार भरतो, आठवड्यातून एकदा भरतो आणि संध्याकाळी उठतो. पेठ वसवावी लागते आणि ती उठत नाही. उठलीच तर त्या गावावर मोठे संकट आले असे समजावे.

मराठेशाहीच्या कागदांत मौजा, कसबा आणि पेठ या तीन प्रकारच्या वस्त्या वेगळ्या ओळखू येतात. मौजा म्हणजे शेतीवर चालणारे साधे खेडे. कसबा म्हणजे परगण्याचे किंवा तर्फेचे ठाणे, जिथे कारकून, काजी, देशमुख-देशपांडे यांचा राबता. पेठ ही बहुधा कशाला तरी जोडून वसे: कसब्याला, किल्ल्याला, देवस्थानाला किंवा घाटाच्या तोंडाला. खेड्यात पाटील आणि कुलकर्णी, तसे पेठेत शेटे आणि महाजन. शेट्याने व्यापारी आणून बसवायचे, त्यांचे तंटे मिटवायचे, सरकारचे येणे वसूल करून द्यायचे. महाजनाने हिशेब ठेवायचा. ही दोन्ही वतने वंशपरंपरेने चालत आणि त्यांच्या मानपानावरून होणारी भांडणे पाटीलकीच्या भांडणांइतकीच चिवट असत.

नवी पेठ वसवायची तर सरकारातून कौल मिळे. कौल म्हणजे लेखी अभय. येणाऱ्या उदम्याला घरासाठी जागा, ठरावीक वर्षे जकात आणि मोहतर्फा म्हणजे धंद्यावरचा कर माफ, त्यानंतर दरसाल थोडा थोडा वाढत जाणारा कर. या चढत्या आकारणीला इस्तावा म्हणत. रिकाम्या माळावर दुकान थाटायला कोणी आपणहून येत नसे, त्याला बोलवावे लागे. आजच्या औद्योगिक वसाहतींतल्या करसवलतींचा हिशेब याहून फारसा निराळा नाही.

पुण्याचे उदाहरण सर्वांत भरगच्च आहे. तिथली सर्वांत जुनी वस्ती कसबा, आणि म्हणूनच तिला वाराचे नाव नाही. बाकीच्या पेठा तिच्याभोवती एकेक करून उगवल्या. शनिवार पेठेचे जुने नाव मुर्तजाबाद, रविवारचे मलकापूर, सोमवारचे शहापूर, मंगळवारचे अष्टपुरा. औरंगजेबाचा मुक्काम १७०३ मध्ये पुण्यात होता, तेव्हा वसलेली मोहियाबाद पुढे बुधवार पेठ झाली. वेताळ पेठेची गुरुवार आणि विसापूरची शुक्रवार झाली. वारांची नावे त्या त्या दिवशी भरणाऱ्या बाजारावरून पडली, असे सर्रास सांगितले जाते. इतर गावांत ते खरेही आहे. पुण्यात मात्र सातही वार पुरे होतात आणि जवळजवळ प्रत्येक वाराखाली एखादे जुने नाव दडलेले सापडते, हे पाहता पेशवाईत या नावांचा संच ठरवून लावला गेला असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

वार संपल्यावर माणसांची नावे आली. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने सदाशिव पेठ, नारायणरावांच्या नावाने नारायण, नाना फडणविसांच्या नावाने नाना. रास्ता पेठ आणि घोरपडे पेठ या सरदारांच्या. तिथे आधी उतरले ते घोडदळ; व्यापारी मागून आले. फौज म्हटली की दाणावैरण, नालबंद, शिकलगार, शिंपी आणि सावकार आलेच. त्यामुळे छावणीची पेठ व्हायला वेळ लागत नसे. गंज पेठेत महात्मा फुल्यांचा वाडा आहे. ती आता महात्मा फुले पेठ म्हणून नोंदली जाते, तरी रिक्षावाल्याला गंज पेठच सांगावी लागते.

धंद्यांची वाटणी अजून बरीचशी टिकून आहे. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत खिळे, पत्रे, दोरखंड, भांडी. नाना पेठेत गाड्यांचे सुटे भाग. भवानी पेठेत लाकूड. बुधवारात तपकीर गल्लीत विजेचे सामान. शुक्रवार पेठेतली मंडई १८८६ मध्ये उघडली, तेव्हा तिला गव्हर्नर रे यांचे नाव होते. घाऊक व्यापार पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. उलट सदाशिव आणि नारायण या पेठांत व्यापारापेक्षा वाडेच अधिक होते. तिथे लेखक, शिक्षक, प्रकाशक आणि क्लासवाले यांची दाटी झाली आणि ‘सदाशिवपेठी’ हे विशेषण जन्माला आले. मराठी साहित्याच्या वादांत, विशेषतः दलित साहित्याची चळवळ उभी राहिल्यावर, मध्यमवर्गीय, चौकटीतले, स्वतःवर खूश असलेले लेखन या अर्थाने ते वापरले गेले. व्यापाराचा शब्द असा अभिरुचीची शिवी बनला.

साताऱ्यात यादोगोपाळ पेठ, मल्हार पेठ, प्रतापगंज पेठ अशी नावे आहेत; त्यांच्या शेजारी चिमणपुरा आणि व्यंकटपुराही आहेत. सोलापूरला वारांच्या जोडीने साखर पेठ आणि मुरारजी पेठ आहे, तर जळगावला नवी पेठ, बळीराम पेठ आणि पोलन पेठ. कोल्हापूरच्या जुन्या भागात शिवाजी पेठ आणि वारांच्या पेठा आहेत. पण १८९५ मध्ये शाहू महाराजांच्या कारकिर्दीत गुळाच्या व्यापारासाठी जी वसाहत उभी राहिली तिला पेठ न म्हणता शाहूपुरी म्हटले गेले. पुढच्या लक्ष्मीपुरी आणि राजारामपुरीने तोच कित्ता गिरवला. औरंगाबादकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, बेगमपुरा आणि पदमपुरा असे ‘पुरे’ आहेत. नागपूरकरांनी वार ठेवला आणि पेठ गाळली: इतवारी, मंगळवारी, शुक्रवारी. मुंबईत वाड्या आहेत, बाजार आहेत, पण पेठ जवळजवळ नाही. पेठेचा पट्टा ढोबळमानाने देश आणि खानदेशचा, आणि तिथून खाली दक्षिणेचा.

दक्षिणेत तर तो महाराष्ट्रापेक्षा दाट आहे. कन्नडमध्ये पेटे, तेलुगूत पेट, तमिळमध्ये पेट्टै. बेंगळुरूच्या चिकपेटभोवती अक्कीपेट म्हणजे तांदळाची, बळेपेट म्हणजे बांगड्यांची अशा धंदेवार पेठा आहेत. विजयनगरच्या राजधानीलगतचे होसपेट म्हणजे नवी पेठ. सिद्दिपेट, सूर्यापेट आणि नारायणपेट तेलंगणात, चिंताद्रीपेट आणि सैदापेट चेन्नईत. समुद्रापलीकडे कोलंबोचा मुख्य बाजारही पेट्टाच.

इंग्रजांनी हा शब्द दक्षिणेत उचलला आणि स्वतःच्या भाषेत वळवून घेतला. युल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ‘पेट्टा’ ही नोंद किल्ल्याबाहेरच्या वस्तीसाठी आहे. फौजी अधिकाऱ्यांच्या दृष्टीने पेठ म्हणजे किल्ल्यावर चालून जाताना आधी लागणारा अडथळा. बेंगळुरूला मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने आधी पेठ घेतली, मग किल्ला. अहमदनगरला तोच क्रम दिसला. तिथला भुईकोट किल्ला शहरापासून सुटा आहे आणि शहराला, म्हणजे इंग्रजी अहवालांतल्या ‘पेट्ट्या’ला, स्वतंत्र तट होता. आर्थर वेलस्लीच्या फौजेने ८ ऑगस्ट १८०३ रोजी त्या तटाला शिड्या लावून शहर घेतले. किल्ला १२ ऑगस्टला हाती आला. पेठ पडल्यावर रसद, सावकार आणि कारागीर तिन्ही एकदम शत्रूकडे जात. किल्ल्यात बसून मग फार दिवस निघत नसत.

गावाच्या नावात पेठ दोन तऱ्हांनी येते. कोल्हापूर जिल्ह्यात पेठ वडगाव, पाटण तालुक्यात मल्हारपेठ, अशी ती दुसऱ्या नावाला चिकटते. कुठे कुठे मात्र नुसतीच पेठ उरते. वाळवा तालुक्यातले पेठ महामार्गामुळे आणि पेठ नाक्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. नाशिक जिल्ह्यातले पेठ त्यामानाने कमी ओळखीचे, पण त्याची कहाणी अधिक लांब आहे.

नाशिकहून धरमपूरकडे जाणारा रस्ता सावळघाट उतरून पेठला पोहोचतो आणि पुढे गुजरातेत शिरतो. देशावरचा माल आणि गुजरातच्या किनाऱ्याकडचा माल यांची गाठ अशा घाटवाटांवर पडत असे. अशा ठिकाणी पेठ वसावी यात नवल नाही. गावाचे नाव तिथूनच आले असावे. भोवतालचा मुलूख मात्र व्यापाऱ्यांचा नव्हे. तो कोकणा, महादेव कोळी आणि वारली यांचा, नागली, वरई, भात, उडीद आणि खुरासणीचा. पाऊस धोधो पडतो आणि उतारावरून गुजरातेकडे निघून जातो, त्यामुळे उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात. खरीप घरात आला की अनेक कुटुंबे दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला जातात. नावात पेठ असलेला तालुका माल विकण्यापेक्षा श्रम पुरवण्यावर जगतो, ही विसंगतीच म्हणायची.

हे एके काळी संस्थान होते. इंग्रजी कागदांत त्याचे स्पेलिंग ‘पेइंट’ असे उमटले आणि जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत ते पुढेही तसेच चालत राहिले. त्यामुळे नकाशात पेठ शोधणारा परगावचा माणूस हमखास गोंधळतो. १८५७ च्या डिसेंबरात या भागात उठाव झाला आणि हरसूलचा बाजार लुटला गेला. उठाव करणाऱ्यांचा रोख सावकार आणि सरकार या दोघांवरही होता, आणि दोघेही एकाच ठिकाणी सापडत ते बाजारातच. या उठावात हात असल्याच्या आरोपावरून राजघराण्यातल्या भगवंतरावांना फाशी दिले गेले. संस्थानाची बेगम १८७८ मध्ये वारली आणि पेठ ब्रिटिश मुलखात जाऊन नाशिक जिल्ह्याचा भाग झाले. खुद्द नाशिक शहरात आज पेठ रोड आहे, पेठ नाका आहे, शिवाय रविवार आणि सोमवार पेठाही आहेत. पेठ रोड म्हणजे पेठेतून जाणारा रस्ता नव्हे, पेठ गावाला जाणारा रस्ता, हे नवख्याला समजावून सांगावे लागते.

पेठेपासून बनलेले शब्दही पुष्कळ. माल उतरवून पुढे पाठवण्याचे ठिकाण ती उतारपेठ. पेठेतला व्यापारी तो पेठकरी. पेठे आणि पेठकर ही आडनावे. सर्वांत यशस्वी ठरला तो बाजारपेठ. सुरुवातीला तो गावातल्या दुकानांच्या रस्त्यालाच म्हणत. चिपळूण, महाड, कणकवली अशा कोकणातल्या गावांत अजूनही म्हणतात. वृत्तपत्रांच्या मराठीने त्याला जागेतून सोडवले. आता कांद्याला परदेशात बाजारपेठ मिळते, मोबाइलची बाजारपेठ विस्तारते, आणि या पेठेला ना वेस असते ना शेटे-महाजन. कायद्याने मात्र या शब्दाचा पहिला अर्धा भाग घेतला: १९६३ च्या अधिनियमानुसार चालणाऱ्या त्या बाजार समित्या, आणि त्यांचे आवार ते मार्केट यार्ड.

राहिली हुंडीची पेठ. हा अर्थ आता सावकारी पेढ्यांच्या जुन्या दप्तरांतच भेटतो, म्हणून थोडा सविस्तर पाहण्याजोगा. पुण्याच्या पेढीवर पैसे भरून सुरतेच्या पेढीवर हुंडी घेतली, हुंडणावळ मोजली आणि कागद वाटेत हरवला, तर पैसे बुडत नसत. पुण्याचा सावकार त्याच रकमेचा दुसरा कागद लिहून देई, त्याला पेठ म्हणत. तीत मूळ हुंडीचा हवाला देऊन लिहिलेले असे की ती पटली नसेल तर ही पटवावी, पटली असेल तर ही रद्द समजावी. पेठही गहाळ झाली तर तिसरा कागद निघे, तो परपेठ. पटलेल्या हुंडीला खोका म्हणत, आणि तो जपून ठेवला जाई, कारण पैसे दिल्याचा पुरावा तोच. टपाल आणि वाटा बेभरवशाच्या होत्या, पावसाळ्यात जासूद घाटात अडकत, तेव्हा एका रकमेचे दोन कागद दोन वाटांनी धाडणेही शहाणपणाचे ठरे. सगळा भार सुरतेच्या पेढीवर पडे. पेठ समोर आली की आधी वही उघडून मूळ हुंडी पटली आहे की नाही हे पाहणे तिचे काम. त्यात चूक झाली तर नुकसानही तिचेच.

इंग्रज सरकारने १८८१ मध्ये परक्राम्य संलेखांचा कायदा केला, तेव्हा चेक, वचनचिठ्ठी आणि बिल यांचे नियम लिहिले. पण देशी भाषांतल्या कागदांबाबतच्या स्थानिक वहिवाटीला या कायद्याने बाध येत नाही, असे पहिल्याच कलमात नमूद केले. हुंडी, पेठ आणि परपेठ त्या वहिवाटीवरच चालत राहिल्या आणि ते कलम आजही कायद्यात आहे.