मारवेल : गवळाऊच्या रानातलं गवत

वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेला आर्वी, आष्टी आणि कारंजा घाडगे हे तीन तालुके. सातपुड्याचे फाटे इथं उतरतात, त्यामुळे माथ्यावर उथळ मुरूम आणि खाली नाल्याकाठी काळी भारी जमीन. मुरमाड उतारावर शेडा हे गवत येतं, काळ्या जमिनीत मारवेल. १९७३ साली दाबडघाव आणि शंकरनारायण या अभ्यासकांनी देशातल्या गवताळ प्रदेशांची पाच प्रकारांत मांडणी केली. त्यात दख्खनच्या पठारासह द्वीपकल्पाचा मोठा भाग याच दोन गवतांच्या वंशांच्या नावानं ओळखला गेला.

या गवतावर गवळाऊ वाढली. पांढरी-करडी, सडपातळ, चालायला चपळ अशी ही गाय. मराठा फौजांचं सामान डोंगराळ मुलखातून झपाट्यानं नेण्यासाठी हिचे बैल वापरत, असं सांगितलं जातं. नंदगवळी समाजानं ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीचं सरकारी पैदास केंद्र आहे. जमनालाल बजाजांनी वर्ध्यात गोसेवा संघ उभारला तो १९४१ साली. गाईबद्दल या जिल्ह्यात इतका विचार झाला, पण ती ज्यावर जगते त्या गवताबद्दल फार थोडा. मला ही मोठी उणीव वाटते.

मारवेल ओळखायला सोपं. कांडीच्या पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं आणि शेंड्याला जांभळट तुरे बोटांसारखे पसरलेले असतात. ते बहुवर्षायू आहे. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, ठोंब मात्र जिवंत राहतो आणि पहिल्या पावसात फुटतो. चराईही ते बरीच सोसतं, कारण नवे धुमारे बुडातून येतात. त्याची तंतुमय मुळं उतारावरची माती धरून ठेवतात. मऊ असल्यानं जनावरं ते आवडीनं खातात.

कापणीची वेळ मात्र अनेकांची चुकते. गवत फुलोऱ्यात असताना कापलं तर त्यात प्रथिनं बऱ्यापैकी असतात. दिवाळीनंतर, सगळं पिवळं पडल्यावर विळा लावला की गंजी मोठी दिसते, पण तोवर प्रथिनं उतरलेली आणि काडी राठ झालेली असते. ज्वारी होती तेव्हा कडब्यानं ही कसर भरून निघे. आता ज्वारी घटली, शिवारात कपाशी आणि सोयाबीन आलं आणि सोयाबीनच्या कुटारावर गोठा किती दिवस निभावणार?

सतत चराई होत राहिली की आधी शेडा आणि मारवेल मागं हटतात. त्यांची जागा कुसळी घेते. कोवळी असताना तीही चारा आहे, पण पक्व झाली की तिची कुसळं ओलाव्यानं पीळ घेत-सोडत मातीत शिरतात, तशीच जनावरांच्या तोंडात आणि कातडीतही. त्यापुढची पायरी म्हणजे तरोटा आणि रानतुळस. त्यांना गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून लांबून हिरवंगार दिसणारं रान चाऱ्याच्या दृष्टीनं रिकामं असतं.

परत लावायचं झालं तर मारवेल अवघड नाही. बी हलकं, केसाळ असतं. वाऱ्यानं उडतं, ताजं पेरलं तर नीट उगवत नाही. काही महिने साठवलेलं बी माती आणि शेणात घोळून, गोळ्या करून टाकतात. त्यापेक्षा खात्रीचा मार्ग मुळांसकट ठोंबांचा. पाऊस लागला की फूट-दीड फुटावर ते लावायचे, सुरुवातीला तण काढायचं आणि पहिलं वर्ष त्यात गुरं सोडायची नाहीत. नंतर कापून घातलं तर उत्तम. चारायचंच असेल तर कुरणाचे तुकडे पाडून दर पावसाळ्यात एका तुकड्याला विसावा द्यावा, म्हणजे तिथलं बी पडून रुजतं.

लागवडीहून सोपं काम आहे ते असलेलं कुरण राखण्याचं. सरकारी नोंदीत अशी रानं बहुतेक वेळा ‘पडीत’ ठरतात आणि पडीत म्हटलं की तिथं झाडं लावायचे खड्डे आखले जातात. झाडांची सावली दाट झाली की उन्हात वाढणारं मारवेल खुरटतं. आर्वी-कारंज्याच्या गायरानांवर असा आराखडा आखण्याआधी भादव्यात, तुरे आलेले असताना, एखाद्या जाणत्या गवळ्याला सोबत घेऊन रान फिरावं. जिथं शेडा आणि मारवेलाचे ठोंब अजून आहेत, ते पट्टे नकाशावर कुरण म्हणून वेगळे काढावेत.